एका चुलीमागे एक पगार

३ सप्टेंबर

बाळे,

आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. हे पत्र तुझी चिमटाताई शाळेच्या फाटकापाशी तुझ्या हातात देईल. तिचा मुलगा आणि आपली भिंगरी एकाच वर्गात, त्यामुळे तुम्ही दोघी तिथे बोलत उभ्या राहिलात तर कुणाला वावगं वाटायचं नाही. वाचून झालं की फाडून टाक. जपून ठेवण्याची खोड तुझ्या आईची, ती तुझ्यात उतरली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

खोली बरी आहे. खाली शिंप्याचं दुकान, वर मी. जिना बाहेरून. खिडकीतून समोरची गच्ची दिसते आणि तिथे कुणाचे तरी मोजे कायम वाळत असतात, ते काही केल्या वाळतच नाहीत बहुतेक. शेगडी घेतली. एक पातेलं, एक ताट, एक वाटी. आपली चूल खरंच वेगळी आहे का ते बघायला सरकारचा पडताळणीवाला माणूस येईल तेव्हा त्याला सगळं एकेक दिसलं पाहिजे, म्हणून चहाचा दुसरा कप घेतलाच नाही. दुकानदार म्हणाला, जोडीवर स्वस्त पडतो. म्हटलं, असू दे.

आपलं भांडण छान वठलं. दोन दिवस आपण स्वयंपाकघरात हळू आवाजात तालीम केली होती, पण जिन्यात उभं राहून, चारी दारं उघडी असताना बोलणं वेगळं. माझा आवाज पहिल्यांदा फुटेना. तू मात्र अशी काही बोललीस की वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. त्यात एक वाक्य ठरल्यापेक्षा जास्तीचं होतं. ‘तुम्हाला या घरात कोण कसं जगतंय ते तरी ठाऊक आहे का, अण्णा?’ हे तुला आयत्या वेळी सुचलं ना? फार खरं वाटलं. समोरच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला ते त्याच वाक्याला. मी माझी पिशवी उचलून उतरलो तेही त्याच वाक्यावर, खरं तर माझी अजून दोन वाक्यं बाकी होती.

असो. काम झालं. एका चुलीमागे एक सरकारी पगार, असा नियम. मंदी आहे, तिजोरी रिकामी आहे, सगळं मान्य. पण दोनांतला कुठला बंद करायचा, तर बाईचा, कारण परिपत्रकात बाईच्या पगाराला ‘पूरक उत्पन्न’ म्हटलं आहे. माझं निवृत्तिवेतन सरकारी छापखान्याचं, म्हणून मी कर्ता आणि तू पूरक. माझ्या पेन्शनीत माझी औषधं आणि एक वर्तमानपत्र येतं. घरभाडं, भिंगरीची शाळा, तिचे आखूड होत जाणारे कपडे, हे सगळं पूरक. जावई गेल्यापासून त्या पूरकावर घर उभं आहे. पेन्शन सोडून देतो म्हणून विचारायला गेलो, तर खिडकीतला कारकून म्हणाला, आजोबा, ती सोडता येत नाही, ती आपणहून सुटते. चांगला हजरजबाबी होता. मला हसूसुद्धा आलं.

तेव्हा मीच सुटलो. आता तुझी चूल वेगळी, माझी वेगळी. भिंगरीला सांग, आजोबा कामाला गेलेत.

— अण्णा

२० सप्टेंबर

बाळे,

तुझी चिठ्ठी मिळाली. राजीनामा देते, तुम्ही घरी या, असं परत लिहायचं नाही.

तू म्हणतेस, नुसतं बी मोजायचं काम ते, दुसरं काहीतरी बघेन. बाळे, मंदीत दुसरं काहीतरी नसतं, तीच तर मंदी. आणि नुसतं बी मोजायचं म्हणजे काय? एकदा तू मला तुमच्या सरकारी प्रयोगशाळेत नेलं होतंस. ओल्या कागदावर बी रांगेत मांडलेलं, उबदार कपाटात ठेवलेलं, आणि तुम्ही सगळ्या जणी भिंग डोळ्याला लावून, चिमट्याने एकेक कोंब उचलून बघत होतात. हा उगवला, हा नाही उगवला, हा उगवला पण वाकडा. कुणी बोलत नव्हतं. मला माझा छापखाना आठवला. आम्हीही असेच वाकून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचो. शाळेची सगळी पुस्तकं आमच्याकडे. तिसरीच्या पुस्तकातली ती कविता मी इतक्या वेळा जुळवली की मला ती उलटी वाचता यायची:

उन्हाच्या अंगणी सावली पाहुणी,
पाय न वाजता आली,
बसली दारात, बोलली मनात,
पाय न वाजता गेली.

ती छापून आली की तुझी आई बाइंडिंगमध्ये तिच्या घड्या घालायची. हाडाची पट्टी कागदावरून अशी फिरवायची की घडी कापल्यासारखी बसे. तू तेव्हा झाली नव्हतीस. तेव्हाही एक मंदी आली होती. तेव्हा चूल वगैरे नव्हतं, सरळ लिहिलं होतं, विवाहित स्त्रिया. बाइंडिंग विभाग एका दुपारी रिकामा झाला. तुझी आई ती हाडाची पट्टी पिशवीत घालून घरी आली आणि मंदी गेल्यावरही कुणी तिला बोलावलं नाही. माणसं परत घेतली, पुरुष. तिनं कधी तक्रार केली नाही. फक्त घरात कागद म्हणून दिसला की ती त्याची घडी घालायची. किराण्याची पुडी, जाहिरात, तुझ्या शाळेची नोटीस. बोटांना दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं ते कुणाला नको होतं. तिच्या शेवटच्या आजारपणात ती चादरीच्या घड्या घालत होती, आठवतं तुला?

तुझ्या हातातला चिमटा असा घरी येता कामा नये. एवढंच माझं म्हणणं आहे.

चिमटाताईचं ऐकून वाईट वाटलं. तुमच्यात सगळ्यात सफाईचा हात तिचा, म्हणून तर तुम्ही तिला ते नाव ठेवलं. तिचा नवरा पाणीखात्यात, म्हणून पहिल्या फेरीत तिचीच नोकरी गेली. मी तिला विचारलं, तुम्ही दोघांनीही काही युक्ती का नाही केली? ती म्हणाली, ‘काका, युक्तीला दोघं लागतात.’ चहा देणार होतो, पण कप एकच.

इथे दुपार फार लांब असते. सकाळ शेगडी, भांडं, वर्तमानपत्र यांत जाते. मग शिंप्याचं यंत्र सुरू होतं, बंद होतं, सुरू होतं. चार वाजता कुठल्याशा शाळेची पोरं खालून जातात. भिंगरीची शाळा इकडे नाही, हे ठाऊक असूनही मी खिडकीत जातो.

— अण्णा

११ ऑक्टोबर

बाळे,

बातमी अशी की तुझ्या बापाला आता एक श्रोता मिळाला आहे. शिंप्याची बायको. काजं करायचं काम घेऊन ती दुपारी जिन्याच्या पायरीवर बसते, उजेड तिथे चांगला. एक दिवस मी भाताचं पातेलं घासत होतो, तर ती म्हणाली, काका, एवढ्या वयात, घरी कुणी नाही का? पडताळणीवाले शेजाऱ्यांना विचारतात हे मला ठाऊक, म्हणून ठरल्याप्रमाणे सांगितलं, लेक आहे, पण तिनं घराबाहेर काढलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण तिनं काजं बाजूला ठेवली. किती दिवसांत कुणी माझ्या बोलण्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवलं नव्हतं. मग मी थोडं रंगवलं. म्हटलं, थंडीत काढलं. (ऑगस्ट होता.) म्हटलं, माझी कवितांची पुस्तकं जिन्यावरून भिरकावली. एक पुस्तक उघडं पडलं आणि त्याची पानं वाऱ्यानं फडफडत होती, असंही सांगितलं. ते मलाच इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. ती रडली. संध्याकाळी तिनं वाटीभर आमटी आणून दिली, फार चांगली होती.

रागावू नकोस. तुला बाहेर लोक काय बोलतात ते चिमटाताईनं मला सांगितलं. समोरच्या काकू तुझ्याशी बोलत नाहीत, आणि दूधवाला तुझ्यासमोर मुद्दाम आपल्या आईची चौकशी करतो. मला वाटलं होतं चार दिवस बोलतील आणि विसरतील. पोरी, तू हे सगळं खाली मान घालून ऐकतेस आणि वेळेवर कामाला जातेस, याचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढाच त्रास होतो. बाप घालवला असं म्हणवून घ्यावं तेव्हा कुठे बाईला बी मोजू देतात.

पडताळणीवाला अजून आलेला नाही. आला की एकेक ताटवाटी बघेल, सही घेईल, आणि आपण सुटलो.

भिंगरी मला भेटायला हट्ट करते असं लिहिलंस. तिला म्हणावं, आजोबा नियम संपला की येतील. नियम म्हणजे काय विचारलं तर सांग, पाऊस थांबेपर्यंत मैदानात जायचं नाही, तसं काहीतरी.

— अण्णा

२ नोव्हेंबर

बाळे,

तुला आलेल्या नोटिशीचं चिमटाताईनं जिन्यातच सांगितलं. तिला धाप लागली होती. मी तिला पायरीवर बसवलं आणि मग मीही बसलो.

चूक माझी आहे. शिंप्याच्या बायकोनं वृद्ध कल्याण कचेरीत जाऊन तक्रार दिली. मला न सांगता, प्रेमापोटी. ‘काका, मी गप्प बसणारी नाही,’ असं आज म्हणाली, आणि इतकी आनंदात होती की मला तिला काही बोलवलं नाही. तिला वाटतं सरकार तुला जाब विचारेल आणि तू मला सन्मानानं घरी नेशील. सरकारी नोकरानं म्हाताऱ्या आईबापांना सांभाळलं नाही तर नोकरी जाते, असा दुसरा नियम आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तो जुना, चांगल्या दिवसांतला. कुणा भल्या माणसानं केला असेल.

आता बघ आपली गत. तू म्हणालीस की मी अण्णांना सांभाळते, तर चूल एक आणि तू पूरक, नोकरी गेली. तू म्हणालीस की नाही सांभाळत, तर बापाला टाकलं, नोकरी गेली. दोन्ही कागद एकाच पडताळणी साहेबाच्या टेबलावर गेले आहेत, आणि तो येत्या आठवड्यात माझ्याकडे येणार.

तू लिहितेस, आता पुरे, मी खरं सांगून टाकते. नको. खरं सांगितलं तर नोकरी जाईलच, वर सरकारला फसवलं म्हणून दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही. मला थोडा विचार करू दे. मला वेळच वेळ आहे.

चौकशीत एकच वाट उरते असं दिसतं. मुलीनं बापाला घराबाहेर काढलं, आणि बरोबर केलं, असं साहेबाला पटलं पाहिजे. म्हणजे दोष माझ्यात हवा. आजवर मला कुणी वाईट म्हटलं नाही. वेंधळा म्हणाले, तंद्रीतला म्हणाले, तुझी आई तर ‘आमचे हे कवितेत राहतात, जेवायला घरी येतात’ असं म्हणायची. पण वेंधळेपणासाठी कुणी बापाला घराबाहेर काढत नाही.

तू काही करू नकोस. साहेब येईपर्यंत कुणाशी काही बोलू नकोस.

— अण्णा

९ नोव्हेंबर

बाळे,

साहेब येऊन गेले. तुझ्याकडे उद्या-परवा येतील, त्याआधी हे पत्र तुला मिळालंच पाहिजे. सावकाश वाच. दोनदा वाच.

तरुण माणूस, सभ्य. चप्पल बाहेर काढली. एक ताट, एक वाटी, एक कप पाहिला आणि लिहून घेतलं. मी त्याला खुर्ची दिली, मी खाटेवर बसलो. त्यानं विचारलं, मुलीनं का काढलं? मी म्हटलं, मी दारू पितो.

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, कुठली? मला एकही नाव आठवेना. म्हटलं, असते ती नेहमीची. किती पिता? मी म्हटलं, अर्धा कप. बाळे, तो हसला. वाईट नाही हसला. म्हणाला, आजोबा, खालच्या बाई सांगतात तुम्ही दिवसभर कविता म्हणता. मी म्हटलं, प्यायल्यावरच म्हणतो. तो पेन बंद करायला लागला. म्हणाला, तुम्ही लेकीला वाचवताय, ते मला कळतं, पण मला काहीतरी लिहिता आलं पाहिजे. मग उगाचच, खिडकीबाहेर बघत, म्हणाला, ‘माझी बायको शाळा तपासनीस होती. तिचं नाव मलाच पुढे पाठवावं लागलं.’

पेन बंद झालं होतं. तो उठला असता तर सगळं संपलं असतं. तुझी आई पिशवी घेऊन दारात उभी होती तशी तू मला दिसलीस.

मी म्हटलं, मी नातीला मारतो.

तो थांबला. मी म्हटलं, बाप म्हणून लेकीला मला काही बोलता येईना, पण पोरीच्या अंगावर वळ दिसले तेव्हा तिनं मला बाहेर काढलं. जिन्यात अडला होता तसा माझा आवाज या वेळी बिलकूल अडला नाही. साहेबानं पेन पुन्हा उघडलं. मग विचारलं, ‘हे लिहू का?’ मी म्हटलं, लिहा. तो म्हणाला, एकदा लिहिलं की तक्रार बाद होते, मुलीचं वागणं योग्य ठरतं, चूलही वेगळी ठरते. पण तुम्हाला नातीजवळ जाता येणार नाही, तेही लिहावं लागतं. आणि हे खोडता येत नाही. नियम उठला तरी हे राहतं.

मी म्हटलं, लिहा.

त्यानं लिहिलं. त्याला माझं खरं वाटलं की नाही, मला सांगता येत नाही.

आता तुझं काम. तो तुला विचारेल, वडील तुमच्या मुलीला मारायचे का? तू हो म्हण. फक्त हो. रंगवायचं नाही, ते मी करून बघितलं. रडायचं नाही. डोळे वर करून हो म्हण. तुला ते जमेल, जिन्यात जमलं होतं. भिंगरीला त्या वेळी चिमटाताईकडे पाठव. तिच्यासमोर विचारू देऊ नकोस, तेवढं कर.

तू हे पत्र वाचून धावत इकडे येशील, तर सगळं पाण्यात जाईल. येऊ नकोस.

— अण्णा

१ डिसेंबर

बाळे,

तू हो म्हणालीस हे कळलं. तक्रार बाद झाल्याचंही कळलं. आता नोकरीला धक्का नाही, आणि समोरच्या काकू तुझ्याकडे येऊन, डोळ्यांत पाणी आणून, आम्हाला काय ठाऊक होतं गं, असं म्हणाल्या हेही कळलं. दूधवालाही नीट बोलतो म्हणे. बरं झालं. हे मी मागितलंसुद्धा नव्हतं.

शिंप्याची बायको आता पायरीवर बसत नाही. काजं आत दिव्याखाली करते. तिचा मला राग येत नाही, तिला दोन मुली आहेत. शिंपी म्हणाला, महिनाअखेर दुसरीकडे बघा. बघतोय. गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे एक खोली आहे म्हणतात. तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही.

चिमटाताई काल आली तेव्हा मुलगा तिच्याबरोबर होता. मी दार उघडलं, तर तिनं नकळत त्याला आपल्या मागे घेतलं. मग तिच्या लक्षात आलं आणि ती गोरीमोरी झाली. तिला सगळं ठाऊक आहे, आपली पत्रं तीच नेते-आणते, तरी हात मागे गेला. मी म्हटलं, ताई, यापुढे पत्रं नकोत, तुम्हालाही त्रास. तिनं हरकत घेतली नाही. हे शेवटचं ती नेईल.

तुझ्या चिठ्ठीतला शेवटचा मजकूर मी परत परत वाचतोय. शाळेत कुणीतरी भिंगरीला सांगितलं, आणि ती घरी येऊन तुला म्हणाली, आजोबांनी मला मारलं होतं का? मग मला का आठवत नाही? दोन दिवस ती आठवून बघतेय, जेवता जेवता थांबते, असं तू लिहिलंस. तुला तिला खरं सांगायचं आहे. बाळे, ती सात वर्षांची. तिनं ते शाळेत सांगितलं की तिसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर. मग तुझं ते हो खोटं ठरेल, आणि तुझ्या हातातला चिमटा घरी येईल.

पण तिला असं आठवत बसू देऊ नकोस. नसलेलं आठवायला लागलं की माणूस काहीतरी शोधून काढतोच, मी ते आयुष्यभर केलं आहे. तिला आज संध्याकाळी जवळ घे आणि सांग, हो, मारलं होतं. तू तेव्हा अगदी लहान होतीस, म्हणून आठवत नाही.

आणि तिनं विचारलंच, तर सांग, फार जोरात नव्हतं मारलं.

— अण्णा